चार भोकांची तरली, तीन भोकांची उलटली : युद्धनौका कशा बुडाल्या हे शिकवण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी उन्हाळ्यात सैन्यभरतीची आणि एनडीएची तयारी करणाऱ्या मुलामुलींचे शिबिर भरते. सकाळी मैदान, दुपारी वर्ग. वय १६ ते १९. बहुतेक मुले शेतकऱ्यांच्या आणि ऊसतोड कामगारांच्या घरची. एका वर्षी दुपारच्या वर्गांत नौदलाचा विषय घेतला गेला: पाणबुड्यांनी आणि विमानांनी युद्धनौका कशा बुडवल्या. शिकवायला भौतिकशास्त्राचे एक सर आणि इतिहासाच्या एक मॅडम होत्या. गावातले एक निवृत्त नौसैनिक अधूनमधून यायचे. आयुष्य जहाजावर काढलेल्या या गृहस्थांना गावात सगळे ‘मेजर’च म्हणतात, कारण फौजेतून आलेला प्रत्येक माणूस इकडे मेजरच असतो.

समुद्र पाहिलेली मुले बोटांवर मोजण्याइतकी. मोठे पाणी म्हणजे माजलगावचे धरण, नाहीतर पैठणचा नाथसागर. गाव, संस्था आणि माणसांची नावे इथे मुद्दाम दिलेली नाहीत.

अडचण

पहिल्या दिवशी पडद्यावर जहाजांची यादी दाखवली गेली. नाव, देश, तारीख, वजन, कोणी बुडवले, किती माणसे गेली. मुलांनी वहीत सगळे उतरवून घेतले. दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न दिला: ‘यातले कोणतेही एक जहाज घ्या आणि ते का बुडाले ते पाच ओळींत लिहा.’ जवळजवळ प्रत्येक उत्तर एकाच वळणाचे होते. टॉर्पेडो लागला, भोक पडले, पाणी शिरले, जहाज बुडाले. मोठे भोक पडले की जहाज लवकर बुडते, असेही बऱ्याच जणांनी लिहिले.

ही उत्तरे चूक नव्हती, पण त्यातून काहीच कळत नव्हते. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरमध्ये ‘ओक्लाहोमा’ आणि ‘वेस्ट व्हर्जिनिया’ या दोन अमेरिकन युद्धनौका एकमेकींजवळ उभ्या होत्या. दोघींच्याही डाव्या बाजूला जपानी विमानांचे टॉर्पेडो एकामागून एक बसले. ‘ओक्लाहोमा’ काही मिनिटांत उलटली आणि तिच्यावरची ४२९ माणसे गेली. ‘वेस्ट व्हर्जिनिया’ सरळ उभीच तळाला टेकली. तिथे पाणी जेमतेम १२ मीटर खोल. तिचे मृत १०६. पुढे ती वर काढून दुरुस्त केली गेली आणि १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरिगाव सामुद्रधुनीच्या लढाईत तिने तोफा डागल्या. ‘ओक्लाहोमा’ सरळ केली गेली, पण पुन्हा कधी लढली नाही. भोके दोघींना पडली होती. मग फरक कशाने पडला? ‘टॉर्पेडो लागला म्हणून बुडाली’ या उत्तरात हा प्रश्न बसतच नाही.

फरक असा होता. ‘वेस्ट व्हर्जिनिया’वर डावीकडे पाणी चढू लागताच एका तरुण अधिकाऱ्याने उजव्या बाजूच्या कप्प्यांत मुद्दाम पाणी सोडायला लावले. जहाज आणखी खोल गेले, पण कलंडले नाही. पुढची सगळी खटपट मुलांना हा एक मुद्दा डोळ्यांनी दाखवण्यासाठी झाली: भोक किती मोठे यावर पाणी किती वेगाने शिरते ते ठरते, पण जहाजाचे काय होणार ते त्या पाण्याला कुठपर्यंत जाऊ दिले यावर ठरते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मोबाइलवरची ॲनिमेशन दाखवण्याचा. बिनखर्चाचा, पण मुले नुसती बघत बसली असती. शिवाय अशा बऱ्याच चित्रफितींत जहाज उभे चिरते, आग लागते आणि संपते. कप्पे दिसतच नाहीत.

दुसरा पर्याय फळ्यावर आकृत्या काढून गणित करायचा. सरांचा कल तिकडे होता. पण दहावीनंतर कला शाखेला गेलेली मुलेही वर्गात होती.

तिसरा पर्याय मुलांनीच सुचवला: पत्र्याची बोट करायची, तिच्याखाली सुतळी बॉम्ब लावायचा. हा तिथेच नाकारला. पाण्यातला दाब हवेतल्यासारखा विरून जात नाही, पत्र्याचे तुकडे कुठे उडतील याचा नेम नाही, आणि भोक कुठे आणि केवढे पडेल हेही आपल्या हातात राहत नाही. ज्या प्रयोगात भोक हातात नाही त्यातून काही मोजता येत नाही. मुले नाराज झाली, पण इथे एक पाऊलही मागे घेतले नाही, हे योग्यच झाले.

चौथा पर्याय कप्पे असलेली पत्र्याची बोट आणि बुचे. भोके आधीच पाडलेली, बूच ओढले की ‘टॉर्पेडो लागला’. हाच घेतला. पण मे महिना होता आणि गावात पाणी टँकरने येत होते. बोटीसाठी शेकडो लिटर पाणी वाया घालवणे गावाला पटले नसते आणि पटूही नये. शेवटी एका शेतकऱ्याने गोठ्यातला हौद दिला. १.८ मीटर लांब, ९० सेंमी रुंद, पाणी ४० सेंमी, म्हणजे साधारण साडेसहाशे लिटर. अट एकच, पाणी नंतर जनावरे पिणार. त्यामुळे पाण्यात रंग नाही, तेल नाही. पत्र्याला डाग देताना लागलेले आम्ल आणि नवसागर धुण्याच्या सोड्याने घासून काढल्याशिवाय बोट हौदात उतरवायची नाही, हेही त्यातूनच ठरले.

काय केले: पहिली बोट

धान्याच्या कोठ्या आणि पेट्या करणाऱ्या कारागीर मामांकडून २२ गेजच्या जस्ती पत्र्याची, वरून उघडी, पेटीसारखी बोट करून घेतली. लांबी १२० सेंमी, रुंदी २० सेंमी, उंची १८ सेंमी. आत तीन आडव्या भिंती, म्हणजे ३० सेंमीचे चार कप्पे. तळावर तराजूची लोखंडी वजने ठेवून एकूण वजन साडेएकवीस किलोच्या आसपास आणले. बोट ९ सेंमी पाण्यात बसली. हिशेब सोपा आहे: १२० गुणिले २० गुणिले ९ म्हणजे २१,६०० घन सेंमी, म्हणजे २१.६ लिटर पाणी बाजूला सारले.

पुढच्या कप्प्याचे बूच ओढले. नाक खाली गेले. दुसऱ्या कप्प्याचे ओढल्यावर बोट पुढून बुडाली. छान दिसले, पण कलंडली मात्र नाही. पुन्हा केले, मधले कप्पे घेतले, तरी नाही. मुलांचे मूळ मत उलट आणखी पक्के झाले: जास्त भोके, लवकर बुडते.

मेजरांनी हौदाच्या काठावर बसून दोनदा पाहिले आणि म्हणाले, “सर, ही बोट कधीच आडवी व्हायची नाही. वजन सगळं बुडाला टाकलंय तुम्ही. अन् भिंती सगळ्या आडव्या. पाणी ह्या काठापासून त्या काठापर्यंत सारखं पसरतंय, मग कललं कशाला?”

दोन्ही दोष खरे होते. पाणी पूर्ण रुंदीत पसरल्याने एका बाजूला जास्तीचा भार येतच नव्हता. आणि वजने तळाशी असल्याने बोटीचा गुरुत्वमध्य तळापासून तीनेक सेंमीवर होता. मेटासेंटर, म्हणजे बोट जराशी कलल्यावर जणू ज्या बिंदूला टांगल्यासारखी झुलते तो बिंदू, सव्वाआठ सेंमीच्या आसपास. या दोहोंतले अंतर सव्वापाच सेंमी, एवढ्याशा बोटीला फार. खऱ्या युद्धनौकेवर तोफांचे बुरूज, मनोरे, विमाने असा भार वर असतो आणि हे अंतर रुंदीच्या मानाने पुष्कळ कमी असते. मुलांना हे समजवायला ऊस भरलेली ट्रॉली पुरली. रिकामी ट्रॉली बांधावरून जाते, पण मोळ्या उंच रचलेली त्याच बांधावर आडवी होते. हे न पाहिलेला एकही जण वर्गात नव्हता.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. मेजर पहिल्या दिवसापासून गावात होते. त्यांनी नौदलात असताना लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर ‘एनबीसीडी’चे, म्हणजे अणु-जैविक-रासायनिक हल्ल्यापासून बचावाचे आणि जहाजाला इजा झाल्यावर ते वाचवण्याचे प्रशिक्षण घेतले होते. बोट करायला टाकण्याआधी त्यांना कोणी विचारलेच नाही. भाषणापुरते पाहुणे म्हणून त्यांचे नाव लिहून ठेवले होते. चार दिवस आणि एक पत्रा त्यात गेला.

काय केले: दुसरी बोट

बाहेरची मापे तीच ठेवली. आत दोन लांब उभ्या भिंती घातल्या, त्यामुळे रुंदीचे ५, १० आणि ५ सेंमी असे तीन पट्टे झाले. आडव्या तीन भिंती होत्याच. एकूण १२ कप्पे: डावीकडे चार, मध्ये चार, उजवीकडे चार. पत्रा सव्वाआठ किलोचा झाला. सव्वातेरा किलोची वजने मधल्या पट्ट्यात ५ सेंमी उंचीच्या फळीवर ठेवली, बांधून. वजने बांधणे महत्त्वाचे, नाहीतर बोट कलली की ती घसरतात आणि मग नेमके कशाने उलटली ते कळत नाही. आता गुरुत्वमध्य साडेसहा सेंमीवर आला आणि मेटासेंटरपासूनचे अंतर पावणेदोन सेंमीपेक्षा किंचित कमी राहिले.

कडेच्या आठही कप्प्यांना बाहेरच्या बाजूने २० मिमीचे भोक, त्यात रबरी बूच, बुचाला दोरी. भोके तळापासून ३ सेंमीवर. मुलांना ती ६ सेंमीवर हवी होती, कारण तिथे बूच बसवायला सोपे. मेजरांनी आग्रहाने खाली घ्यायला लावली. त्यामागचे कारण नंतर सगळ्यांना दिसले: बोट डावीकडे ३० अंश कलली की उजवी बाजू उचलली जाते, आणि तिकडे कडेला फक्त पाचेक सेंमी पाणी उरते. भोक सहावर असते तर ते पाण्याबाहेर गेले असते. तोल सावरण्यासाठी पाणी घ्यायचे, तर तेच घेता आले नसते.

कोन मोजायला गवंड्याचा ओळंबा आणि पुठ्ठ्याचा कोनमापक वापरला.

डावीकडच्या मधल्या दोन कप्प्यांची बुचे ओढली. पंधरा सेकंदांच्या आत कप्पे भरले आणि बोट ३० अंशांच्या आसपास कलून थांबली. तिसरे बूच ओढले. काठ पाण्याला टेकला, वरून पाणी आत आले आणि बोट पालथी झाली. हौदाभोवती क्षणभर कोणी बोलले नाही. मग बोट उचलून, पुसून, पुन्हा तीच दोन डावी बुचे ओढली आणि पाठोपाठ उजवीकडची दोन. बोट कलली, मग हळूहळू सरळ झाली. पाणी काठापासून ६ सेंमी खाली, म्हणजे बोट ९ ऐवजी १२ सेंमी बसलेली. हा आकडा सरांनी आधीच फळ्यावर काढला होता: तरंगणाऱ्या २,४०० चौरस सेंमीतले ६०० गेले, १,८०० उरले, २१,६०० भागिले १,८०० म्हणजे १२.

चार भोके पडलेली बोट तरली आणि तीन भोके पडलेली उलटली. या एका दृश्यासाठी सगळा खटाटोप होता.

त्यानंतर एक कप्पा घेऊन भोकात ८ मिमीच्या छिद्राचे बूच लावले. कप्पा भरायला पंधरा सेकंदांऐवजी सव्वा-दीड मिनिट लागले, पण बोट शेवटी तेवढीच कलली. भोक लहान झाल्याने फक्त वेळ मिळतो. जहाजावर लाकडी खुंट्या, पाचरी, चिंध्या आणि टेकू घेऊन माणसे धावतात ती या वेळासाठी. मेजरांनी बाभळीची पाचर तासून, फडके गुंडाळून, वाहत्या भोकात ठोकून दाखवली. लाकूड भिजले की फुगते आणि गळती आणखी कमी होते. कुऱ्हाडीच्या दांड्याला पाचर मारणाऱ्या मुलांना हे शिकवावे लागले नाही.

मध्येच बुडालेली बोट

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावची मुले पाहायला आली. चार बुचांचा प्रयोग त्यांच्यासमोर केला. बोट १२ सेंमीवर सरळ बसली, टाळ्या झाल्या. सहा-सात मिनिटांनी, इतिहासाच्या मॅडम बोलत असतानाच, ती शांतपणे आणखी खाली गेली आणि बुडाली.

शोधल्यावर कारण सापडले. दोऱ्या एकत्र ओढता याव्यात म्हणून मुलांनी रात्री उभ्या भिंतींना ५ मिमीची छिद्रे पाडून दोऱ्या मधल्या पट्ट्यातून काढल्या होत्या. छिद्रे तळापासून ११ सेंमीवर. बोट ९ सेंमीवर असताना ती कोरडी, म्हणून कोणाला काही वाटले नाही. बोट १२ वर बसली की तीच छिद्रे पाण्याखाली. कडेचे पाणी हळूहळू मधल्या दोन कप्प्यांत गेले. आता फक्त १,२०० चौरस सेंमी उरले आणि २१,६०० भागिले १,२०० म्हणजे १८, नेमकी बोटीची उंची.

पहिला विचार ही चूक झाकून प्रयोग पुन्हा करण्याचा होता. मॅडमनी तो मोडून काढला आणि त्याच हौदाजवळ ‘शिनानो’ सांगितली. जपानची ही प्रचंड विमानवाहू नौका ‘यामाटो’ वर्गाच्या तिसऱ्या सांगाड्यावर बांधलेली. १९ नोव्हेंबर १९४४ ला नौदलात दाखल झाली आणि दहाच दिवसांनी, २९ नोव्हेंबरला बुडाली. अमेरिकन ‘आर्चरफिश’ पाणबुडीचे चार टॉर्पेडो तिला लागले. एवढ्या आकाराच्या जहाजाला ते पेलायला हवे होते. पण काम घाईत उरकलेले. कप्प्यांची हवाबंद चाचणी झालेली नव्हती, काही जलरोधक दारे बसलेली नव्हती, नळ आणि तारांसाठी भिंतींत पाडलेली भोके बुजवलेली नव्हती. त्यात कप्तानाने वेग फारसा कमी केला नाही, त्यामुळे पाणी आणखी रेटून आत गेले. सुमारे सात-पावणेआठ तासांनी ती उलटून बुडाली. पाणबुडीने बुडवलेली आजवरची सर्वांत मोठी युद्धनौका हीच. मुलांनी स्वतः पाडलेले ५ मिमीचे छिद्र समोर असताना ‘तारांची भोके’ समजवायला वेगळे शब्द लागले नाहीत.

मग छिद्रे एम-सीलने बुजवली, दोऱ्या भिंतीवरून घेतल्या, आणि प्रत्येक कप्पा स्वतंत्र भरून, पेन्सिलची खूण करून रात्रभर ठेवला. एक सांधा झिरपताना निघाला. त्याला मामांनी पुन्हा डाग दिला. ही चाचणी खरे तर पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती.

इतिहास बोटीवर कसा बसवला

यानंतर यादीतली जहाजे पुन्हा घेतली, पण थोडी. प्रत्येक वेळी आधी प्रसंग सांगायचा, मुलांनी ‘आता काय कराल’ ते ठरवायचे, मग घडले ते सांगायचे.

सर्वांत जास्त वेळ ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ने घेतला. १० डिसेंबर १९४१, मलायातल्या कुआंतानजवळचा समुद्र. सायगावच्या बाजूच्या तळांवरून आलेल्या जपानी विमानांनी ही आणि ‘रिपल्स’ अशा दोन ब्रिटिश युद्धनौका बुडवल्या. खुल्या समुद्रात, चालत्या, लढत्या मोठ्या युद्धनौका केवळ विमानांनी बुडवण्याची ही पहिली वेळ. दोन्हींवरची मिळून ८४० माणसे गेली. ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ला सुरुवातीचाच टॉर्पेडो मागे, डाव्या बाजूच्या प्रोपेलरच्या शाफ्टजवळ बसला. वाकलेला शाफ्ट फिरत राहिला आणि जिथून तो भिंतींतून जातो तिथल्या ग्लँड, म्हणजे शाफ्टभोवती पाणी अडवणारे बंद, त्याने फाडल्या. पंपाच्या ग्लँडची दोरी झिजली की पाणी कसे उडते हे शेतातल्या मुलांना माहीत होते. इथे शाफ्ट भल्या जाडीचा आणि भोक थेट आतल्या यंत्रखोल्यांच्या दिशेने उघडणारे. थोड्याच वेळात सुमारे २,४०० टन पाणी आत आले. वीज बरीचशी गेली. वीज गेली की पंप थांबतात आणि विमानविरोधी तोफाही नीट फिरत नाहीत. पुढचे टॉर्पेडो मग जवळजवळ बिनविरोध आले. ‘शाफ्ट केव्हा थांबवायचा’ यावर मुलांत खरा वाद झाला. थांबवला तर वेग जातो आणि विमानांना सोपे लक्ष्य मिळते, नाही थांबवला तर पाणी येते. त्या क्षणी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या वरच्या खोलीत, उभ्या माणसाला आतली फाटाफूट दिसत नाही, हे मेजरांनी बजावून सांगितले.

विमानांतून हल्ला करणाऱ्याचा निर्णयही दाखवला. २४ ऑक्टोबर १९४४ ला जपानच्या ‘मुसाशी’ युद्धनौकेने दोन्ही बाजूंनी मिळून अंदाजे १९ टॉर्पेडो आणि १७ बाँब सोसले, कित्येक तास ती तरली. दोन्हीकडून पाणी आल्याने तिचा तोल आपोआप सावरत होता. ७ एप्रिल १९४५ ला तिच्याच बहिणीवर, ‘यामाटो’वर, अमेरिकन वैमानिकांनी टॉर्पेडो जवळजवळ सगळे डाव्या बाजूला मारले. ती कमी तडाख्यांत, दोनेक तासांत उलटली. हौदातल्या तीन आणि चार भोकांचाच हा हिशेब, फक्त या वेळी तो हल्ला करणाऱ्याने मांडला होता.

प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटाजवळच्या लढाईत, ४ जून १९४२ ला, पाण्याची गोष्टच नव्हती. सूर मारणाऱ्या विमानांचे बाँब वरून पडले, आत इंधन भरलेली विमाने आणि दारूगोळा, आणि आगीने जपानच्या विमानवाहू नौका संपवल्या. हे थोडक्यात सांगून पुढे गेले. ‘ताइहो’ ही जपानी विमानवाहू नौका मात्र सांगितली. १९ जून १९४४ ला ‘अल्बाकोर’ पाणबुडीचा एकच टॉर्पेडो लागला. जहाज चालत होते, पण इंधनाच्या टाक्यांना तडे गेले. वाफ घालवण्यासाठी वायुवीजन पूर्ण उघडले आणि वाफ सगळ्या जहाजात पसरली. काही तासांनी स्फोट झाला. पाण्यासाठी दारे बंद ठेवायची हे शिकलेल्या मुलांना हवेच्या वाटाही बंद ठेवाव्या लागतात हे इथे कळले.

बोट जे दाखवू शकत नाही

दोन दिवसांनंतर एक नवी अडचण उभी राहिली. मुलांना वाटू लागले की दुसऱ्या बाजूला पाणी सोडले की प्रत्येक जहाज वाचते. हे तितकेच खोटे.

कण्याखाली, म्हणजे जहाजाच्या तळाच्या मधोमध जाणाऱ्या मुख्य तुळईखाली, फुटणारा टॉर्पेडो भोक पाडून थांबत नाही. स्फोटाचा वायूचा बुडबुडा जहाजाला मधून वर ढकलतो, मग आकसतो, आणि मधला भाग आधाराविना खाली येतो. मेजरांनी कडब्याचे एक ताट दोन मुलांच्या हाती टोकाला धरायला दिले, मधून वर लवले, मग खाली. तिसऱ्या हिसक्याला ते तुटले. २६ मार्च २०१० ला दक्षिण कोरियाची ‘चोनान’ अशीच दोन तुकडे होऊन बुडाली, ४६ नौसैनिक गेले. तपास पथकाने पाण्याखालच्या टॉर्पेडोचा असाच स्फोट कारण म्हणून दिला, उत्तर कोरियाने तो नाकारला. कणा मोडल्यावर कप्प्यांचा हिशेब उरत नाही.

आणि मग ‘आयएनएस खुकरी’. ९ डिसेंबर १९७१, दीवजवळचा समुद्र. पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. खुकरी लहान जहाज, काही मिनिटांत गेले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतःचे जीवरक्षक जाकीट एका नौसैनिकाला दिले आणि ते जहाजाबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. वर्गातल्या एका मुलीचा भाऊ नौदलात आहे. हा प्रसंग घ्यायचा की नाही यावर शिकवणाऱ्यांत मतभेद होते. घ्यायचे ठरले, पण दोन अटींवर: हौदातल्या बोटीला खुकरीचे नाव द्यायचे नाही, आणि ‘त्यांनी काय करायला हवे होते’ हा प्रश्न इथे विचारायचा नाही. एवढ्या वेळात पाणी सोडून तोल सावरता येत नाही, एवढेच सांगितले. मेजर या तासाला एक शब्द बोलले नाहीत.

निकाल

शेवटच्या दिवशी तोच पाच ओळींचा प्रश्न दिला. या वेळी बहुतेक उत्तरांत कप्पा, बाजू, दार, वीज, वेळ यांपैकी दोन-तीन गोष्टी होत्या. अर्जेंटिनाच्या ‘जनरल बेल्ग्रानो’वर २ मे १९८२ ला ब्रिटिश ‘कॉन्करर’ पाणबुडीचे दोन टॉर्पेडो लागले तेव्हा जलरोधक दारे उघडी होती आणि वीज गेल्याने पंप चालले नाहीत, ३२३ जण गेले. हा प्रसंग मुलांना तुकड्या-तुकड्याने दिला होता, आणि वीज गेल्याचे कळताच दोन गटांनी दारांबद्दल स्वतःहून विचारले. गणित मात्र थोड्यांनाच जमले. ९ चे १२ का झाले हे पुष्कळांना शेवटपर्यंत तोंडपाठच राहिले.

खेळाचा भागही ठेवला होता. एक जण कप्तान, दुसरा दहा-दहा सेकंदांनी डावी बुचे ओढणार, कप्तानाने उजवी केव्हा आणि किती ओढायची ते ठरवायचे. पहिल्या तिघांनी वाट पाहिली आणि बोट उलटली. एकाने घाबरून उजवीकडची चारही ओढली आणि बोट उजवीकडे गेली. सावरण्याच्या नादात दुसऱ्या बाजूला उलटवणे ही चूक खऱ्या जहाजांवरही होते, म्हणून तिच्यावर आणखी एक तास द्यायला हवा होता. तो दिला गेला नाही.

पुन्हा करायचे झाल्यास

बोटीला वरचे झाकण हवे. उघड्या बोटीत काठ टेकताच पाणी आत येते, पण खऱ्या जहाजाचा डेक बंद असतो आणि ते आणखी बरेच कलू शकते. आपली बोट त्यामुळे जरा लवकर उलटते, हे मुलांना सांगायचे राहून गेले. झाकण पारदर्शक पत्र्याचे करता येईल.

वजनांची फळी खाली-वर करता येईल अशी खोबणी हवी. त्याच दोन बुचांवर फळी तळाला ठेवून आणि वर ठेवून कोन मोजला असता तर ट्रॉलीचे उदाहरण आकड्यांत दिसले असते.

कप्प्यांची रात्रभराची पाणीचाचणी पहिल्याच दिवशी. आणि नंतर भिंतीला कोणी छिद्र पाडले तर चाचणी पुन्हा.

जहाजे सहापेक्षा जास्त घ्यायची नाहीत. यादीतली उरलेली नावे वहीत लिहून घेतल्याने काहीही साधले नाही.

बोट आता शिबिराच्या खोलीत आहे. हौदातले पाणी शेवटच्या दिवशीच्या संध्याकाळी बैलांनी पिऊन संपवले.